मज्जारज्जूतील चरबीची गाठ : कापायची घाई नको, तपासायचा आळस नको



"डॉक्टर, एमआरआयच्या रिपोर्टमध्ये लायपोमा लिहिले आहे. कॅन्सर तर नाही ना? आणि ऑपरेशन कधी करायचे?" हे दोन प्रश्न जोडीनेच येतात. पहिल्याचे उत्तर सोपे आहे. नाही, लायपोमा म्हणजे चरबीची साधी गाठ. ती कॅन्सर नाही आणि पुढे कॅन्सर होण्याची भीतीही धरायला नको. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र एका ओळीत देता येत नाही. कोणी रिपोर्ट पाहून एका ओळीत दिलेच, तर त्यावर सही करण्याआधी हा लेख वाचा.

मी न्यूरोसर्जन नाही, फिजिशियन आहे. पण हे रुग्ण न्यूरोसर्जनकडे थेट जात नाहीत. कोणी लघवीचे इन्फेक्शन म्हणून येतो, कोणी पायाला मुंग्या येतात म्हणून, कोणी बद्धकोष्ठ म्हणून. मूल असेल तर आई सांगते, "अजून चड्डी ओली करतो, शाळेत मुले चिडवतात." गाठ आत दडलेली असते आणि तक्रार भलतीकडची असते. म्हणून या विषयावर फिजिशियनने लिहायला हवे असे मला वाटते.

आधी जागा समजून घेऊ. आपल्या कण्याच्या मणक्यांतून एक पोकळ नळी जाते. तिच्यात मेंदूपासून निघालेला मज्जारज्जू असतो, साधारण करंगळीएवढ्या जाडीचा. तो पूर्ण कण्याच्या टोकापर्यंत जात नाही. कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळ तो संपतो आणि तिथून खाली नसांचा झुपका जातो, घोड्याच्या शेपटीसारखा. मज्जारज्जूच्या टोकाला एक बारीक धागा असतो, त्याला फायलम म्हणतात. या सगळ्याभोवती पाणी असते आणि पाण्याभोवती आवरण. आवरणाच्या बाहेर थोडी चरबी सगळ्यांनाच असते, ती असायलाच हवी. आवरणाच्या आत मात्र चरबीचे काही काम नसते.

मग ती तिथे येते कशी? गर्भ तीन-चार आठवड्यांचा असताना, म्हणजे आईला दिवस गेल्याचे नुकते कळत असते तेव्हा, पाठीवरच्या पेशींची एक पट्टी वळून तिची नळी होते. हीच पुढे मज्जारज्जू. नळी पूर्ण मिटल्यावर वरची कातडी तिच्यापासून सुटी होते. ही सुटण्याची क्रिया थोडी आधीच झाली, तर उघड्या राहिलेल्या फटीतून शेजारच्या पेशी आत शिरतात आणि त्यांची पुढे चरबी होते. ही उपपत्ती बहुतेक तज्ज्ञांना मान्य आहे. इथे आयांसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहितो. फॉलिक ॲसिडच्या गोळीने उघड्या व्यंगांचे, म्हणजे पाठीवर कातडीच नसलेल्या प्रकारांचे प्रमाण कमी होते, हे पक्के आहे, आणि ती गोळी गर्भधारणेच्या आधीपासून घ्यायलाच हवी. पण कातडीखाली झाकलेल्या या चरबीच्या गाठींच्या बाबतीत तसा फायदा दिसलेला नाही. तेव्हा "गोळ्या वेळेवर घेतल्या नाहीस म्हणून झाले" असे सुनेला ऐकवणाऱ्या सासूबाईंनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

एकच नाव असले तरी हे आजार वेगवेगळे आहेत, आणि सगळा घोटाळा इथूनच सुरू होतो. बाळाच्या कंबरेखाली मऊ उंचवटा असतो आणि त्यातली चरबी मणक्याच्या फटीतून आत जाऊन मज्जारज्जूच्या टोकाला चिकटलेली असते, हा एक प्रकार. नुसत्या फायलम धाग्यात चरबी असते, हा दुसरा, सौम्य. मणके शाबूत, पाठ गुळगुळीत, आणि मान किंवा छातीच्या भागात मज्जारज्जूच्या आतच चरबी, हा तिसरा. तो खरोखर दुर्मीळ आहे. मज्जारज्जूच्या शंभर गाठींत असा एखादा सापडतो. चौथा प्रकार गाठ नाहीच. आवरणाबाहेरची नेहमीची चरबी इतकी वाढते की आतल्या नसा दाबल्या जातात. चौघांचे उपचार चार तऱ्हेचे. त्यामुळे शेजारच्याच्या भाच्याचे काय केले यावरून आपले ठरवू नये.

आता बाळांकडे येतो, कारण वेळ हातात असते ती तिथे.

आपल्याकडे बाळाला रोज तेल लावून न्हाऊ घालतात. मालीश करणारी बाई बाळाची पाठ जितक्या वेळा पाहते तितक्या वेळा कोणताही डॉक्टर पाहत नाही. दवाखान्यात बाळ दुपट्यात गुंडाळून येते, लस मांडीवर टोचली जाते आणि पाठ न पाहताच ते परत जाते. म्हणून सांगतो, तुम्हीच पाहा. कंबरेच्या खाली, कुल्ल्यांच्या मधल्या घळीच्या वर मऊ फुगवटा आहे का? घळ सरळ आहे की वर जाऊन एका बाजूला वळली आहे? मध्यरेषेवर केसांचा झुपका, लाल डाग, कातडीचे लोंबते टोक किंवा खळगा आहे का? यातले एक जरी दिसले तरी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. दोन एकत्र दिसले तर थांबू नका.

सगळ्याच खुणा घाबरण्यासारख्या नसतात, हेही तितकेच खरे. आपल्या बाळांच्या पाठीवर, कुल्ल्यांवर निळसर-करडे डाग असतात, ते निरुपद्रवी असतात आणि वयाबरोबर बहुधा जातात. घळीच्या आतच, शौचाच्या जागेपासून अडीच सेंटिमीटरच्या आत, तळ दिसणारा छोटा खळगा असेल तर तोही चालतो. खळगा त्याच्या वर असेल, खोल असेल किंवा त्यातून पाणी-पू येत असेल तर मात्र गोष्ट वेगळी. तिथून आतपर्यंत वाट असू शकते आणि त्या वाटेने जंतू आत जाऊन मेंदूज्वर होऊ शकतो. त्यात काडी, सुई, कापूस काहीही घालू नका. हा प्रकार वाट पाहण्याचा नाही.

केसांच्या झुपक्याला किंवा लोंबत्या टोकाला काही घरांत मारुतीचा प्रसाद समजतात. श्रद्धेला माझी हरकत नाही. हात जोडा आणि सोनोग्राफीही करा. बाळ साधारण तीन महिन्यांचे होईपर्यंत पाठीमागची हाडे पुरती टणक झालेली नसतात, त्यामुळे साध्या सोनोग्राफीत मज्जारज्जू कुठे संपतो ते दिसू शकते. यासाठी भूल लागत नाही, किरण लागत नाहीत, खर्चही एमआरआयच्या मानाने किरकोळ. त्या वयानंतर ही खिडकी बंद होत जाते आणि मग एमआरआयच लागतो, लहान मुलाला बहुतेकदा झोपेचे औषध किंवा भूल देऊन.

या लेखातले माझे सर्वांत ठाम मत आता सांगतो. कंबरेच्या मध्यरेषेवरची, जन्मापासून असलेली चरबीची गाठ एमआरआय केल्याशिवाय कोणालाही कापू देऊ नका. खांद्यावरचा, दंडावरचा लायपोमा जागा बधिर करून अर्ध्या तासात काढतात, त्याच हिशोबाने ही गाठसुद्धा "वरची चरबी आहे, काढून टाकू" म्हणून काढलेली रुग्ण मला भेटली आहेत. त्यांनी दिखाऊ भाग काढला होता. आतला देठ तसाच होता, त्यावर नवा व्रण धरला होता, आणि पुढे ज्या सर्जनला खरे काम करायचे होते त्याची वाट अवघड झाली होती. कधी आवरणाला छेद जाऊन पाठीतून पाणी गळते, त्यातून संसर्ग होतो. गाठ दिसायला विद्रूप वाटते, लहान मुलीची असेल तर आई-वडिलांना पुढच्या लग्नाची काळजी वाटते, हे मी समजू शकतो. पण वर दिसतो तो हिमनगाचा शेंडा आहे.

आता आतल्या देठाने होते काय? मूल उंच होते, कणा लांब होतो. मज्जारज्जू त्याच्याबरोबर मोकळा वर सरकायला हवा. चरबीच्या गाठीने तो खाली बांधून ठेवला तर ताणला जातो. ताणामुळे त्याचा रक्तपुरवठा आणि पेशींची ऊर्जा कमी पडते. याला बांधलेला मज्जारज्जू, टेदर्ड कॉर्ड म्हणतात. खुंटाला बांधलेले वासरू मोठे होत गेले आणि दावे तेवढेच राहिले तर काय होईल, तसे. शिवाय गाठीतली चरबी ही तुमच्या-माझ्या पोटावरच्या चरबीसारखीच वागते. पहिल्या काही महिन्यांत बाळ गुटगुटीत होते तेव्हा तीही वाढते. मोठेपणी वजन वाढले की वाढते, बरेच दिवस स्टेरॉइड घेतले की वाढते.

ताणाची लक्षणे मुरलेल्या चोरासारखी येतात. एका पायाची पोटरी बारीक. एक चप्पल लवकर झिजते. दोन पायांना बुटाचे वेगवेगळे माप लागते. पायाची कमान उंच, बोटे आकड्यासारखी. पायावर जखम होते आणि मूल रडत नाही, हे तर फारच वाईट लक्षण. पाठ एका बाजूला वाकते. आणि सर्वांत आधी, सर्वांत गुपचूप बिघडतो तो मूत्राशय.

म्हणूनच माझ्या मते या आजारात पालकांनी डॉक्टरला पहिला प्रश्न "गाठ केव्हा काढायची?" हा विचारू नये. "माझ्या मुलाचा मूत्राशय कसा काम करतो आहे?" हा विचारावा. पायाची कमजोरी सगळ्यांना दिसते. मूत्राशय दिसत नाही. तो नीट रिकामा झाला नाही, आत दाब वाढत राहिला, तर लघवी उलटी किडनीकडे चढते. मूल खेळते, खाते, शाळेत जाते, आणि आत किडनी हळूहळू खराब होत असते. दुखत काहीच नाही. मुलाचा जीव जातो तो चरबीच्या गाठीने नव्हे. गेलाच तर किडनीने जातो.

अंथरूण ओले करणारे प्रत्येक मूल कण्याचे रुग्ण असते असा अर्थ काढू नका. सहा-सात वर्षांचे मूल फक्त रात्री लघवी करत असेल, दिवसा पूर्ण कोरडे असेल, धार जोरकस असेल, तर बहुतेक वेळा ते वयाबरोबर सुधारते. मी सावध होतो ते वेगळ्या कारणांनी. दिवसाही थेंब-थेंब गळते. कोरडे झालेले मूल पुन्हा ओले करू लागते. लघवीला जोर करावा लागतो. सोबत हट्टी बद्धकोष्ठ आहे किंवा वारंवार लघवीचे इन्फेक्शन होते. अशा वेळी जंताचे औषध आणि टॉनिक देऊन पाठवण्याआधी मुलाला पालथे झोपवून पाठ पाहायला आणि चालवून पाहायला दोन मिनिटे लागतात. गर्दीच्या ओपीडीत ही दोन मिनिटे महाग वाटतात, मला ठाऊक आहे. तुम्ही मागून घ्या. "डॉक्टर, जरा पाठ बघता का?" असे विचारण्यात अपमान कोणाचाच नाही.

तपासण्या कोणत्या? किडनी-मूत्राशयाची सोनोग्राफी, तीही लघवी करण्याआधी आणि नंतर, म्हणजे किती उरते ते कळते. रक्तातले क्रिएटिनिन. लघवीची तपासणी. आणि यूरोडायनॅमिक नावाची चाचणी, ज्यात बारीक नळीने मूत्राशय हळूहळू भरत त्यातला दाब मोजतात. ती थोडी त्रासाची आहे आणि सगळीकडे होत नाही. पण ऑपरेशनच्या निर्णयात तिचे वजन एमआरआयइतकेच आहे असे मी मानतो. ऑपरेशनच्या आधीची नोंद नसेल तर नंतर सुधारले की बिघडले, हे कोणत्या तोंडाने सांगणार?

एमआरआयबद्दल दोन शब्द. चरबी ओळखणे त्यात सोपे असते. एका प्रकारच्या चित्रात ती पांढरीशुभ्र दिसते, आणि चरबीचा संकेत दाबणारे वेगळे चित्र काढले की तीच जागा काळी पडते. इतकी खात्रीची खूण असल्यामुळे निदानासाठी तुकडा काढायची गरज सहसा पडत नाही. आयुष्यभर जपण्याजोग्या वस्तूंत पहिल्या एमआरआयची फिल्म आणि सीडी ठेवा. पुढे जे काही होईल ते तिच्याशी ताडून पाहिले जाणार आहे.

आता वादाचा मुद्दा. बाळाला गाठ आहे, एमआरआयमध्ये ती मज्जारज्जूला चिकटलेली आहे, पण पाय उत्तम, लघवी उत्तम. ऑपरेशन करायचे का?

लक्षणे आली असतील, वाढत असतील, तर ऑपरेशन करावे, यावर फारसा वाद नाही. लक्षणे नसताना काय, यावर जगभरचे सर्जन अनेक दशके भांडत आहेत. आधीचा सर्वसाधारण कल असा, की बिघडण्याआधीच सोडवा, कारण गेलेला मूत्राशय परत येत नाही. मग २००४ साली पॅरिसच्या नेकर या मुलांच्या रुग्णालयातील अनुभव प्रसिद्ध झाला. तिथे लक्षणे नसलेल्या ५३ मुलांना ऑपरेशन न करता बारकाईने नजरेखाली ठेवले होते. नऊ वर्षांत बिघडण्याची शक्यता त्यांच्यात ३३ टक्के निघाली, आणि त्याच रुग्णालयात आधी ऑपरेशन केलेल्या तशाच मुलांत ती कमी नव्हती, उलट आकडा थोडा जास्तच होता. या लेखाचे पहिले लेखक कुलकर्णी आहेत, हे वाचून आपल्याला उगाच बरे वाटते, पण मुद्दा तो नव्हे. मुद्दा हा, की अर्धवट सोडवलेला मज्जारज्जू व्रणाने पुन्हा चिकटतो.

त्यानंतर अमेरिकेतील न्यूरोसर्जन डॅचलिंग पांग यांनी २००९ आणि २०१० मध्ये उलट बाजू मांडली. त्यांचे म्हणणे, दोष ऑपरेशनचा नसून अर्धवट ऑपरेशनचा आहे. चरबी जवळजवळ पूर्ण काढली, मज्जारज्जूची उघडी पट्टी पुन्हा नळीसारखी शिवली आणि भोवती ऐसपैस जागा ठेवली, तर १६ वर्षांपर्यंत ८० टक्क्यांहून अधिक रुग्ण टिकून राहतात. आकडे प्रभावी आहेत. पण हे अत्यंत कसबी हातांचे, एका विशिष्ट पद्धतीने शेकडो वेळा केलेल्या कामाचे आकडे आहेत. तोच निकाल प्रत्येक शहरातल्या प्रत्येक थिएटरात मिळेल असे समजणे भाबडेपणाचे आहे.

माझे मत विचाराल तर मी दोन्ही टोकांना नाही. फक्त फायलम धाग्यात चरबी आहे, मज्जारज्जू खाली ओढलेला आहे आणि थोडीही तक्रार आहे, तर धागा कापण्याचे ऑपरेशन तुलनेने छोटे आणि कमी जोखमीचे असते, तिथे मी रुग्णाला मागे खेचत नाही. मज्जारज्जूच्या टोकात घुसलेली मोठी गाठ आणि पूर्ण निरोगी मूल असेल, तर मी आई-वडिलांना दोन न्यूरोसर्जनची मते घ्यायला सांगतो. त्यांतले एक तरी लहान मुलांचेच काम करणारे असावे. त्यांना विचारा, अशी ऑपरेशने तुम्ही वर्षाला किती करता? ऑपरेशन चालू असताना नसांचे संकेत तपासणारे मॉनिटरिंग आहे का? किती चरबी काढायचा तुमचा बेत आहे? हे प्रश्न विचारल्यावर जे चिडतात त्यांच्याकडे ऑपरेशन करू नका. चांगल्या सर्जनला हे प्रश्न आवडतात.

आणि थांबायचे ठरवले तर थांबणे म्हणजे विसरणे नव्हे. पॅरिसच्या मुलांवर सतत नजर होती. आपल्याकडे "सध्या काही नको, त्रास झाला तर या" असे सांगून सोडले जाते आणि मूल पुन्हा दिसते ते आठवीत, पाय वाकडा झाल्यावर. दर सहा महिन्यांनी, पुढे वर्षातून एकदा, तपासणी आणि सोनोग्राफी होणार नसेल, गावावरून येणे जमणार नसेल, तर ते सर्जनला आधीच सांगा. त्यावरून निर्णय बदलू शकतो आणि बदलायलाही हवा. उंची झपाट्याने वाढते त्या वर्षांत, म्हणजे लहानपणी आणि मग दहा ते पंधराच्या दरम्यान, जास्त जपावे.

ऑपरेशनकडून काय अपेक्षा ठेवायची तेही स्वच्छ सांगितले पाहिजे. वेदना बहुधा चांगली कमी होते. पायाची ताकद काही प्रमाणात परत येते किंवा निदान घसरण थांबते. लघवीचा प्रश्न सर्वांत कमी सुधारतो. पाठीतून पाणी गळणे, जखमेचा संसर्ग, आधी होते त्यापेक्षा लघवी किंवा पाय बिघडणे हे धोके खरे आहेत. ऑपरेशननंतर काही दिवस पालथे किंवा सपाट झोपवतात ते पाणी गळू नये म्हणून. आणि काही मुलांत उंची वाढताना मज्जारज्जू पुन्हा बांधला जातो.

लघवी न सुधारल्यास काय? इथे मला खूप बोलायचे असते, कारण इथेच लोक खचतात. १९७२ साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे यूरोलॉजिस्ट जॅक लॅपिडेस यांनी एक साधी गोष्ट मांडली. दिवसातून चार-पाच वेळा स्वच्छ नळी घालून मूत्राशय रिकामा करायचा आणि नळी काढून टाकायची. निर्जंतुक थिएटर नको, हातमोजे नकोत, साबणाने हात धुतले की पुरे. त्यांचे म्हणणे असे की मूत्राशयाला मारतो तो साचलेला दाब, नळीवरचे चार जंतू नव्हेत. तेव्हा अनेकांना ते पटले नव्हते. त्यानंतर या एका सवयीने असंख्य मुलांच्या किडन्या वाचल्या.

पालकांना हे सुचवले की चेहरा पडतो. "आयुष्यभर नळी?" कायम लावलेली पिशवी आणि ही नळी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. चष्मा लावणे, इन्सुलिन घेणे यांच्या रांगेत हिला बसवा. सात-आठ वर्षांची बरीच मुले स्वतः शिकतात, मुली आरशाच्या मदतीने शिकतात. अडचण शाळेत येते. स्वच्छ, कडी लागणारे स्वच्छतागृह आणि मधल्या सुट्टीआधी पाच मिनिटे सोडणाऱ्या बाई, एवढेच लागते, आणि तेवढेच अनेक शाळांत मिळत नाही. वर्गशिक्षिकेला डॉक्टरांची चिठ्ठी नेऊन द्या. मूत्राशय फार आकसत असेल तर दाब कमी ठेवणाऱ्या गोळ्या असतात. बद्धकोष्ठाची वेगळी काळजी घ्या, कारण भरलेले आतडे मूत्राशयालाही त्रास देते. या मुलांना रबराच्या, म्हणजे लॅटेक्सच्या वस्तूंची ॲलर्जी होण्याचा संभव असतो. फुगा फुगवताना ओठ सुजले तर डॉक्टरांना नक्की सांगा.

मोठ्या माणसांकडे थोडक्यात वळतो. मज्जारज्जूच्या आतली चरबीची गाठ विशी-तिशीत डोके वर काढते. हात किंवा पाय जड, चालताना अडखळणे, चप्पल पायातून निसटणे, बधिरपणा. वर्षानुवर्षे हळूहळू वाढत असल्याने माणूस त्याची सवय करून घेतो. मग कोणी बी-बाराची इंजेक्शने देते, कोणी कंबरेचा एमआरआय काढते आणि तो "नॉर्मल" येतो. येणारच, कारण गाठ छातीच्या किंवा मानेच्या भागात असते. पाय कडक असतील, गुडघ्यावर हातोडी मारल्यावर पाय जास्तच उडत असेल, तळव्यावर रेघ ओढल्यावर अंगठा वर जात असेल, तर दोष कंबरेच्या वर आहे हे हातोडीच सांगते. महाग यंत्र चुकीच्या जागी लावण्यापेक्षा दहा मिनिटांची तपासणी बरी. या गाठीत चरबी आणि मज्जारज्जू यांच्यात सीमा नसते, साय दुधात मुरावी तशी ती मुरलेली असते. म्हणून सर्जन मुद्दाम थोडी मागे ठेवतो, जागा मोकळी करतो आणि थांबतो. "पूर्ण काढली नाही" ही तक्रार इथे करू नका, तो शहाणपणा आहे. किरण किंवा केमोचा इथे उपयोग नाही. वजन आटोक्यात ठेवण्याचा मात्र आहे.

कंबरेच्या साध्या दुखण्यासाठी काढलेल्या एमआरआयमध्ये "फायलममध्ये चरबी" असे योगायोगाने दिसते, तेव्हा मज्जारज्जू नेहमीच्या जागी असेल आणि तपासणीत काही नसेल तर रिपोर्ट फाइलला लावा आणि व्यायाम सुरू करा. रिपोर्टवर नाही, माणसावर उपचार करायचे असतात.

आवरणाबाहेरची चरबी वाढण्यामागे मोठी दोन कारणे असतात, लठ्ठपणा आणि स्टेरॉइड. सांधेदुखीवर आठवडी बाजारातून आणलेल्या पुड्या आणि "एका इंजेक्शनात मोकळे" करणारे उपाय यांत काय असते हे रुग्णाला माहीत नसते. चेहरा गोल होतो, पोट सुटते, आणि कधी कण्यातही चरबी साचते. इथे वजन उतरवणे आणि स्टेरॉइड कमी करणे हेच पहिले औषध. पण बरेच दिवस घेत असाल तर एका दिवसात बंद करू नका, जिवावर बेतते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली उतरत्या क्रमाने बंद करायचे असते.

मज्जारज्जू खाली बांधलेला आहे हे ज्यांना माहीत आहे त्यांनी कोणत्याही ऑपरेशनच्या आधी, विशेषतः बाळंतपणात, भूलतज्ज्ञांना ते आधी सांगावे. कंबरेत भुलीची सुई नेहमीच्या जागी टोचली तर तिथे पाण्याऐवजी मज्जारज्जू असू शकतो.

खर्चाबद्दल. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि मज्जारज्जूची जन्मजात व्यंगे त्या यादीत आहेत. अंगणवाडीत आणि शाळेत येणाऱ्या पथकाला मुलाची पाठ दाखवा. बाळंतपणानंतर आशाताई ठरावीक दिवशी घरी येतात, त्यांनाही दाखवा. पुढचे ऑपरेशन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसते का, हे दाखल होण्याआधी त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा, नंतर नव्हे. आणि जाताना पहिली सीडी, लघवीच्या सोनोग्राफीचे जुने रिपोर्ट आणि मूल किती वाजता, किती लघवी करते याची दोन दिवसांची वहीतली नोंद सोबत न्या. मोजायला घरातले जुने औषधाचे माप चालेल.